कमी कोलेस्टेरॉललाही रिपोर्टमध्ये जागा द्या

प्रति,
बालरोगतज्ज्ञ, नवजात शिशू विभागांतले डॉक्टर आणि वैद्यकीय प्रयोगशाळांचे प्रमुख यांस,

स. न. वि. वि.

कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट हातात आला की आपली नजर वरच्या बाजूलाच जाते. आकडा २००च्या पुढे गेला तर तो ठळक अक्षरांत येतो, शेजारी बाण येतो, मग आहाराचा सल्ला, औषधाचा विचार, सगळं यथासांग होतं. खालच्या बाजूला मात्र एकच ओळ छापलेली असते: ‘२०० पेक्षा कमी – योग्य’. ४० आलं तरी योग्य आणि २० आलं तरी योग्य. हा तक्ता मध्यमवयीन माणसाच्या हृदयाची काळजी म्हणून तयार झाला. तोच तक्ता आपण तीन आठवड्यांच्या बाळाच्या फाइललाही लावतो आणि त्या बाळाच्या बाबतीत तो काहीच सांगत नाही.

मी वैद्यकीय प्रयोगशाळेत काम करणारी जीवरसायनतज्ज्ञ आहे. माझं मागणं आधीच सांगून टाकते. लहान मुलांच्या रिपोर्टमध्ये कोलेस्टेरॉलची वयानुसार खालची मर्यादा छापा. आकडा तिच्या खाली गेला तर तसं ठळकपणे कळवा. आणि काही ठरावीक खुणा असलेल्या मुलांत आकडा नॉर्मल आला तरी तिथे थांबू नका, स्टेरॉलची, म्हणजे कोलेस्टेरॉल आणि त्याच्या घराण्यातल्या पदार्थांची, स्वतंत्र तपासणी करून घ्या. हे इतक्या आग्रहाने का सांगते आहे, ते आता सविस्तर लिहिते.

कोलेस्टेरॉल बाहेरून येतं, अन्नातून येतं, ही समजूत इतकी पक्की बसली आहे की शरीर ते स्वतः बनवतं हे आपण पुस्तकात शिकून विसरतो. ॲसिटेटच्या दोन-दोन कार्बनच्या तुकड्यांपासून सुरुवात होते. तीसच्या आसपास रासायनिक पायऱ्या चढून २७ कार्बनचा तो रेणू तयार होतो. वाटेत मेव्हॅलोनेट लागतं, मग ३० कार्बनचं स्क्वालिन, मग ती लांब साखळी वळून चार कड्यांचं लॅनोस्टेरॉल होतं, आणि त्यातून तीन मिथाइल गट छाटले जाऊन, दुहेरी बंध सरकवून, काही काढून, शेवटी कोलेस्टेरॉल. प्रत्येक पायरीला एक एन्झाइम, आणि प्रत्येक एन्झाइममागे एक जनुक. ही वाट उलगडून दाखवल्याबद्दल कॉनराड ब्लॉख आणि फिओडोर लिनेन यांना १९६४ साली नोबेल पारितोषिक मिळालं.

त्याच १९६४ साली डेव्हिड स्मिथ, लूक लेम्ली आणि जॉन ओपिट्झ या तिघांनी तीन मुलांचं वर्णन प्रसिद्ध केलं. ही मुलं एकमेकांच्या नात्यातली नव्हती, तरी त्यांच्यात साम्य होतं: लहान डोकं, ओघळलेल्या पापण्या, वर वळलेलं नाक, जननेंद्रियाची अपुरी घडण, खुंटलेली वाढ आणि बौद्धिक विकासातली मोठी अडचण. आज त्याला स्मिथ-लेम्ली-ओपिट्झ सिंड्रोम म्हणतात. एका बाजूला कोलेस्टेरॉल कसं बनतं याचं उत्तर जगाला मिळालं होतं, दुसऱ्या बाजूला ते न बनल्याने जन्मलेली मुलं डॉक्टरांसमोर बसली होती, आणि या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे हे कळायला जवळपास तीस वर्षं गेली. आयरन्स, टिंट, सेलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३-९४ मध्ये दाखवलं की या मुलांच्या रक्तात कोलेस्टेरॉल फार कमी आहे आणि त्याच्या एक पायरी आधीचा पदार्थ, ७-डीहायड्रोकोलेस्टेरॉल, प्रचंड साचलेला आहे. शेवटच्या पायरीचं एन्झाइम काम करत नव्हतं. १९९८ मध्ये त्याचं जनुक सापडलं: डीएचसीआर७, अकराव्या गुणसूत्रावर.

त्या तीस वर्षांचा मी अनेकदा विचार करते. रक्त काढणं शक्य होतं, कोलेस्टेरॉल मोजणंही शक्य होतं. अडचण एवढीच होती की कमी कोलेस्टेरॉल हा आजार असू शकतो असं कुणाच्या मनात येत नव्हतं. ती सवय अजून पुरती गेलेली नाही, आणि रोजच्या रिपोर्टचा नमुना तिला खतपाणी घालतो.

आता प्रयोगशाळेतल्या सहकाऱ्यांशी थोडं कामाचं बोलते. आपल्या यंत्रात कोलेस्टेरॉल कसं मोजलं जातं ते आपल्या सगळ्यांना पाठ आहे, तरी एकदा या मुलांच्या अंगाने ते पाहू या. आधी एस्टरेज एन्झाइम कोलेस्टेरॉलला चिकटलेलं स्निग्धाम्ल सोडवतं. मग कोलेस्टेरॉल ऑक्सिडेज येतं. ते रेणूच्या तिसऱ्या कार्बनवरचा हायड्रॉक्सिल गट पकडून त्याचं ऑक्सिडीकरण करतं, त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड निघतो, पेरॉक्सिडेजच्या मदतीने तो रंगद्रव्याशी जुळतो आणि क्युव्हेटमध्ये, म्हणजे मोजणीच्या पारदर्शक नळीत, गुलाबी रंग येतो. रंग जितका गडद, तितकं कोलेस्टेरॉल जास्त. पण ७-डीहायड्रोकोलेस्टेरॉलच्या तिसऱ्या कार्बनवरही तोच हायड्रॉक्सिल गट आहे. फरक आहे तो सातव्या आणि आठव्या कार्बनमधल्या एका जादा दुहेरी बंधाचा, आणि तिकडे हे एन्झाइम पाहत नाही. ते दोघांनाही सारखंच धरतं. म्हणजे आपण ज्याला एकूण कोलेस्टेरॉल म्हणून छापतो, त्यात या मुलांच्या बाबतीत साचलेला पूर्वपदार्थही मोजला गेलेला असतो. उदाहरणादाखल, १०० आलं तर त्यातलं खरं कोलेस्टेरॉल ६० असू शकतं आणि उरलेलं शरीराला न वापरता आलेलं स्टेरॉल. कागदावरचा आकडा निर्धास्त करणारा आणि बाळ मात्र उपाशी, असा हा प्रकार आहे.

शिवाय खरं कोलेस्टेरॉल नीट वेगळं करून मोजलं तरी या सिंड्रोमच्या सुमारे दहा टक्के रुग्णांत ते नॉर्मल मर्यादेत निघतं. म्हणूनच ‘कोलेस्टेरॉल ठीक आहे, तेव्हा हा आजार नाही’ हे वाक्य कुणीही कुठल्याही केसपेपरवर लिहू नये. निदान होतं ते ७-डीहायड्रोकोलेस्टेरॉल वेगळं मोजूनच. त्यासाठी गॅस क्रोमॅटोग्राफी आणि मास स्पेक्ट्रोमेट्री, किंवा द्रव क्रोमॅटोग्राफीसह टॅन्डम मास स्पेक्ट्रोमेट्री लागते. ही सोय प्रत्येक लॅबकडे नसणार, हे मी जाणून आहे. पण नमुना कुठे आणि कसा पाठवायचा हे लॅबच्या फलकावर लिहिलेलं असणं प्रत्येकाला शक्य आहे. हा पदार्थ हवेत आणि उजेडात बिघडतो, त्यामुळे सिरम लगेच वेगळं करा, नळी झाकून ठेवा, गोठवून पाठवा. काचेच्या खिडकीशेजारच्या रॅकमध्ये दिवसभर राहिलेल्या नळीवरून कुणाच्या मुलाचं निदान ठरू नये.

आता बालरोगतज्ज्ञांकडे वळते. तुमच्या हातात आमच्या यंत्रांपेक्षा जुनं आणि भरवशाचं साधन आहे: तपासणीच्या टेबलावर बाळाचे मोजे काढणं. या सिंड्रोमच्या ९५ टक्क्यांहून अधिक रुग्णांत पायाचं दुसरं आणि तिसरं बोट एकमेकांना जोडलेलं असतं. अंगठा बाजूला, मग ही दोन बोटं मुळापासून वरपर्यंत त्वचेने सांधलेली आणि टोकाशी जरा फाकलेली, इंग्रजी वाय अक्षरासारखी. निरोगी माणसांतही अशी बोटं दिसतात, कुटुंबात वारशानेही येतात, त्यामुळे केवळ बोटं पाहून घाबरण्याचं कारण नाही. पण त्यासोबत डोकं लहान असेल, टाळू दुभंगलेला असेल, करंगळीच्या बाजूला जादा बोट असेल, मुलाच्या मूत्रमार्गाचं तोंड खाली असेल, हृदयात पडद्यांचा दोष असेल, दूध ओढता येत नसेल, अंग ढिलं असेल, तर ती बोटं म्हणजे पत्ता लिहिलेलं पाकीट आहे. ते उघडायलाच हवं. गुणसूत्रांनी मुलगा आणि दिसायला मुलगी, अशी परिस्थितीही तीव्र स्वरूपात उद्भवते. तिथे हार्मोन्सच्या चाचण्यांची यादी लिहिताना स्टेरॉलची तपासणीही त्यात असू द्या.

हे सगळे दोष एकत्र का येतात, याचं उत्तर मला फार विलक्षण वाटतं. गर्भात चेहऱ्याची मध्यरेषा, मेंदूचे दोन अर्धगोल, हातापायांची बोटं घडवण्याचे आदेश देणाऱ्या प्रथिनांत हेजहॉग नावाचं एक घराणं आहे. पोर्टर, यंग आणि बीची यांनी १९९६ मध्ये दाखवलं की हे प्रथिन पूर्ण तयार होताना त्याच्या टोकाला कोलेस्टेरॉलचा रेणू कायमचा जोडला जातो. तो संदेश झेलणाऱ्या पेशीतही, तो पुढे नेणाऱ्या प्रथिनाला कोलेस्टेरॉल लागतं. म्हणजे पेशीच्या पटलातली भर, पित्ताम्लांचा कच्चा माल, स्टेरॉइड हार्मोन्सचा कच्चा माल या ओळखीच्या कामांच्याही आधी, गर्भाच्या पहिल्या आठवड्यांत, कोलेस्टेरॉल शरीराचा आराखडा आखण्यात गुंतलेलं असतं. तिथे कमी पडलं तर ती चूक नंतर कितीही कोलेस्टेरॉल देऊन पुसता येत नाही. १९६०च्या दशकातच असं दिसलं होतं की गाभण उंदरांना कोलेस्टेरॉलची निर्मिती रोखणारी रसायनं दिली तर पिल्लांच्या मेंदूची आणि चेहऱ्याची मध्यरेषा नीट घडत नाही.

इथे एक गोष्ट मुद्दाम लिहिते, कारण अशा बाळांच्या आयांना विचारले जाणारे प्रश्न मी ऐकले आहेत. गरोदरपणात काय खाल्लं, काय टाळलं, तेल-तूप बंद केलं होतं का? या आजाराचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही. तो अप्रभावी वारशाने येतो. आई आणि वडील दोघांकडे डीएचसीआर७ची एकेक बिघडलेली प्रत असते, दोघंही पूर्ण निरोगी असतात, आणि दर गर्भधारणेला चारात एक या प्रमाणात बाळाला दोन्ही बिघडलेल्या प्रती मिळण्याची शक्यता असते. उत्तर युरोपीय वंशाच्या लोकांत सर्वांत जास्त आढळणारा एकच बदल साधारण शंभरात एकाकडे असतो. आपल्याकडे तो आहे हे त्यांच्यातल्या जवळजवळ कुणालाच ठाऊक नसतं. आईला अपराधी ठरवणारा एकही प्रश्न विचारू नका. उलट, आईचं थोडं कोलेस्टेरॉल वारेतून गर्भाला मिळतं आणि तेवढा आधार त्याला होतो.

हा आजार सगळ्यांत सारखा नसतो आणि इथेच सर्वांत जास्त मुलं निसटतात. एकीकडे जन्मानंतर काही दिवसांत दगावणारी बाळं आहेत. दुसरीकडे अशीही मुलं आहेत ज्यांची बोटं जोडलेली आहेत, बोलणं उशिरा आलं आहे, झोप धड लागत नाही, स्वतःच्या हाताला चावतात, अंग अचानक मागे झोकून देतात, आणि त्यांच्यावर ऑटिझमचा शिक्का बसलेला आहे. तो शिक्का चुकीचा असतो असं नाही. या सिंड्रोमच्या कितीतरी मुलांत ऑटिझमची लक्षणं खरोखरच असतात. पण त्याखालचं कारण कुणी शोधलेलं नसतं.

अशाच एका मुलाची फाइल माझ्यासमोर आली होती. तिच्यात लिपिड प्रोफाइलचे रिपोर्ट होते, एकाहून अधिक. प्रत्येकावर ‘योग्य’ छापलेलं होतं आणि प्रत्येक आकडा त्या वयाच्या मुलाच्या मानाने इतका कमी होता की कुणीही थबकायला हवं होतं. रिपोर्ट देणारी लॅब, तो वाचणारे डॉक्टर, तो जपून ठेवणारे आईवडील, सगळ्यांनी आपापलं काम केलं होतं. कागदानेच सगळ्यांना सांगितलं होतं की काळजीचं कारण नाही. त्याच फाइलमध्ये चिडचिड आणि आक्रमकपणासाठी चालू केलेल्या ॲरिपिप्राझोलची नोंद होती.

त्या नोंदीने मी हादरले. ॲरिपिप्राझोल हे औषध डीएचसीआर७ एन्झाइमलाच अडवतं. ट्रॅझोडोन आणि हॅलोपेरिडॉल ही औषधंही तेच करतात. ही औषधं घेणाऱ्या, हा आजार नसलेल्या माणसांच्या रक्तातही ७-डीहायड्रोकोलेस्टेरॉल वाढलेलं आढळतं. ज्या मुलाचं ते एन्झाइम आधीच लंगडं आहे, त्याला आपण त्याच एन्झाइमचे पाय बांधणारं औषध देतो, आणि तेही त्याच आजाराच्या लक्षणांवर उपाय म्हणून. साचलेलं ७-डीहायड्रोकोलेस्टेरॉल निरुपद्रवी नाही. ते हवेतल्याप्रमाणे शरीरातही चटकन ऑक्सिडीकृत होतं आणि त्यातून तयार होणारे पदार्थ पेशींना, विशेषतः चेतापेशींना, अपायकारक असतात. म्हणून माझी बालमनोविकारतज्ज्ञांनाही विनंती आहे: ऑटिझमसोबत लहान डोकं, जोडलेली बोटं, दुभंगलेला टाळू किंवा खुंटलेली वाढ असेल, तर ही औषधं लिहिण्याआधी स्टेरॉलची तपासणी होऊ द्या. आणि लॅबने नमुन्यासोबत चालू औषधांची यादी मागून घ्यावी. नाहीतर उलटीही चूक होते: औषधाने थोडं वाढलेलं ७-डीहायड्रोकोलेस्टेरॉल पाहून निरोगी मुलावर आनुवंशिक आजाराचं नाव लागतं.

‘निदान करून उपयोग काय, इलाज तर नाही’ हे मी बैठकांमध्ये ऐकलं आहे. याचं उत्तर मला गोड करून द्यायचं नाही. कोलेस्टेरॉल पूरक म्हणून देतात, अंड्याच्या बलकातून किंवा शुद्ध स्फटिकरूपात. त्याने वाढीला हातभार लागतो, उन्हाचा त्रास कमी झाल्याचं दिसतं. पण कोलेस्टेरॉल रक्तातून मेंदूत जवळपास जात नाही. शरीरातल्या एकूण कोलेस्टेरॉलचा चौथ्या भागाच्या आसपासचा वाटा मेंदूत असतो आणि तो मेंदू स्वतःच बनवतो. म्हणून बौद्धिक विकासात मोठा फरक दिसत नाही, आणि वागण्यातल्या बदलासाठी घेतलेल्या थोड्या मुदतीच्या अंध चाचणीतही (जिच्यात कुणाला काय दिलं हे सांगितलेलं नसतं) पूरक कोलेस्टेरॉलचा परिणाम आढळला नाही. मग सिमव्हास्टॅटिन, म्हणजे एरवी कोलेस्टेरॉल कमी करण्यासाठी देतात ते स्टॅटिन गटातलं औषध, देऊन पाहिलं गेलं. कोलेस्टेरॉल कमी असलेल्या मुलाला स्टॅटिन देणं ऐकायला उलटं वाटतं. पण ओढ्यावर बांध पडला की खाली कोरड पडते आणि वर पाणी तुंबतं. स्टॅटिन वरूनच आवक कमी करतं, त्यामुळे तुंबलेला विषारी साठा उतरतो. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सौम्य स्वरूपाच्या रुग्णांत रक्तातल्या ७-डीहायड्रोकोलेस्टेरॉलचं प्रमाण घटलं आणि चिडचिडही कमी झाल्याचं दिसलं. तीव्र स्वरूपात, जिथे एन्झाइमचं काम जवळजवळ शून्य आहे, तिथे हा उपाय धोक्याचा ठरू शकतो. हे सगळं मिळूनही त्याला बरं होणं म्हणता येणार नाही.

पण निदानाचा उपयोग औषधापुरता नसतो. या मुलांच्या अधिवृक्क ग्रंथी (मूत्रपिंडांच्या माथ्यावरच्या ग्रंथी) कॉर्टिसॉल हे ताण झेलायला लागणारं हार्मोन पुरेसं बनवू शकत नसतील, तर तापात किंवा शस्त्रक्रियेच्या वेळी त्यांना जादा स्टेरॉइड द्यावं लागतं. हे आधी माहीत असणं आणि ऐनवेळी कळणं यात जिवाचा फरक आहे. ऊन त्यांना लगेच भाजतं, अतिनील किरणांतल्या ए पट्ट्याने. आपल्या सर्वांच्या त्वचेत ७-डीहायड्रोकोलेस्टेरॉलपासूनच ऊन लागून ड जीवनसत्त्व बनतं, म्हणजे ज्या पदार्थाच्या अतिरेकाने ही मुलं आजारी आहेत तो थोड्या मात्रेत आपल्या हाडांचा आधार आहे. शेवटच्या पायरीआधीच्या या पदार्थाचं असं दुहेरी आयुष्य मला नेहमी थक्क करतं. त्या मुलांना पूर्ण बाह्यांचे कपडे आणि सनस्क्रीन हवं, हे सांगायला निदान लागतंच. पुढच्या गर्भधारणेत काय करता येईल याचं समुपदेशन, गर्भजल किंवा वारेच्या पेशींतून तपासणी, तीही निदानानंतरच. आणि आईवडिलांची हा डॉक्टर-तो डॉक्टर अशी वणवण थांबते. बरं होण्याचं आश्वासन नसलं तरी नाव कळलेल्या आजाराशी माणूस वेगळ्या बळाने लढतो, हे मी समुपदेशनाच्या खोलीत पाहिलेलं आहे.

गर्भारपणाचा विषय निघाला म्हणून स्त्रीरोगतज्ज्ञांसाठी थोडं. दुसऱ्या तिमाहीतल्या रक्तचाचणीत असंयुग्मित एस्ट्रिऑल नावाचं हार्मोन मोजतात. ते बनतं गर्भाच्या अधिवृक्क ग्रंथीत तयार झालेल्या स्टेरॉइडपासून, म्हणजे मुळात कोलेस्टेरॉलपासून. ते फार कमी आलं तर त्याची कारणं अनेक असतात, त्यातलं एक हा सिंड्रोम आहे. इथेही कमी आकडा बोलत असतो, ऐकणारा हवा.

फक्त एकाच पायरीचं दुखणं नाही हे. शेवटच्या पायऱ्यांवरचं दुसरं एन्झाइम, डीएचसीआर२४, बिघडलं तर डेस्मोस्टेरॉल साचतं. हा आजार जगात फार थोड्या रुग्णांत नोंदलेला आहे. त्याची एक कडवट ओळख औषधांच्या इतिहासात आहे. ट्रायपॅरानॉल नावाचं कोलेस्टेरॉल कमी करणारं औषध याच एन्झाइमला रोखत असे. कोलेस्टेरॉलचा आकडा खाली आला, सगळे खूश झाले, आणि रुग्णांना मोतीबिंदू होऊ लागले, केस गळू लागले. १९६२ मध्ये ते अमेरिकेच्या बाजारातून काढून घ्यावं लागलं. आकडा खाली आला म्हणजे भलं झालं, या समजुतीची किंमत लोकांनी डोळ्यांनी मोजली.

डोळ्याचं भिंग इथे पुन्हा पुन्हा भेटतं. त्याला रक्तवाहिन्या नाहीत, त्याच्या पेशींच्या पटलात कोलेस्टेरॉल भरपूर लागतं आणि बऱ्याच अंशी ते तिथेच बनतं. त्यामुळे लॅनोस्टेरॉल तयार करणाऱ्या एन्झाइमच्या किंवा त्यापुढच्या पायरीच्या जनुकात बिघाड असला तर जन्मजात मोतीबिंदू दिसतो. नवजात मुलीच्या अंगावर पट्ट्यापट्ट्यांनी, वळणांच्या रेषांत लाल खवलेदार त्वचा असेल, मोतीबिंदू एकाच डोळ्यात असेल, एक हात किंवा पाय आखूड असेल आणि एक्स-रेत हाडांच्या टोकांशी चुन्यासारखे ठिपके असतील, तर कॉनराडी-ह्युनरमान-हॅपल सिंड्रोमचा विचार करा. त्यामागे ईबीपी जनुक आहे, एक्स गुणसूत्रावरचं. मुलींच्या पेशींत दोनपैकी एक एक्स गुणसूत्र बंद असतं, मेरी लायन यांनी १९६१ मध्ये मांडलेल्या या कल्पनेचं चित्रच त्या बाळाच्या त्वचेवर उमटलेलं असतं. या मुलींत कोलेस्टेरॉल नॉर्मल निघतं, पण ८-डीहायड्रोकोलेस्टेरॉल आणि ८(९)-कोलेस्टेनॉल वाढलेलं असतं. म्हणजे पुन्हा तेच: लिपिड प्रोफाइल गप्प, स्टेरॉलची तपासणी बोलकी. याच वाटेवरच्या एनएसडीएचएल जनुकातल्या बिघाडाने होणाऱ्या चाइल्ड सिंड्रोममध्ये (हे नाव इंग्रजी आद्याक्षरांवरून आलेलं आहे) शरीराच्या एकाच बाजूची त्वचा आणि हातपाय बाधित होतात. तिथे मात्र रक्तातले स्टेरॉलही बहुधा नॉर्मल असतात, तेव्हा जनुकाची तपासणीच उपयोगी. त्वचेवर कोलेस्टेरॉल आणि स्टॅटिन एकत्र करून लावलेल्या मलमाने तिथली कातडी सुधारल्याचं दिसलं आहे.

वाटेच्या सुरुवातीला बिघाड झाला तर चित्र पार पालटतं. मेव्हॅलोनेट कायनेज हे एन्झाइम कमी पडलं तर मुलाला दर काही आठवड्यांनी ताप येतो, मानेच्या गाठी सुजतात, पोट दुखतं, लसीकरणानंतरही ताप उसळतो. रक्तातलं आयजीडी हे प्रतिपिंड वाढलेलं असेलच असं नाही. तापात असताना लघवीतलं मेव्हॅलोनिक आम्ल तपासावं आणि जनुक पाहावं. यावर मात्र आज औषध आहे, कॅनाकिनुमॅब, अमेरिकेत या आजारासाठी २०१६ पासून मान्य.

माझ्या मागणीवर येणारा आक्षेप मला माहीत आहे: खालची मर्यादा छापली तर विनाकारण इशाऱ्यांचा भडिमार होईल. अंशतः खरं आहे. नवजात बाळाचं कोलेस्टेरॉल मुळातच कमी असतं, नाळेच्या रक्तात साधारण ६० ते ७० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर, आणि पुढच्या आठवड्यांत ते भराभर वाढतं. अपुऱ्या दिवसांची बाळं, जंतुसंसर्ग झालेली बाळं, यकृताचे आजार, कुपोषण, चरबी शोषली न जाणं, या सगळ्यांत आकडा खाली येतो. म्हणून प्रौढांचा तक्ता उलटा करून चालणार नाही, वयाप्रमाणे मर्यादा लागेल, आणि ती प्रत्येक लॅबने आपल्या पद्धतीवर पडताळून ठरवावी. आजारी बाळात कमी आलेला आकडा बाळ सावरल्यावर पुन्हा पाहावा. पण इशारे जास्त येतील म्हणून इशाराच नको, हे आपण सोडियमच्या बाबतीत म्हणतो का? बाळाची साखर कमी आली तर लॅबमधून तातडीने फोन जातो. त्याच बाळाचं कोलेस्टेरॉल त्याच्या वयाच्या मानाने निम्म्यावर आलं तर निदान एक वाक्य तरी छापलं जावं, एवढीच अपेक्षा आहे.

ते वाक्य कसं असावं, याचा मसुदा मी देते. तो जसाच्या तसा वापरा किंवा सुधारून घ्या: ‘या वयासाठी कोलेस्टेरॉल कमी आहे. प्रकृती सुधारल्यावर पुन्हा तपासावे. पायाची दुसरी-तिसरी बोटे जोडलेली असणे, लहान डोके, दुभंगलेला टाळू, जन्मजात मोतीबिंदू, जननेंद्रियाच्या घडणीतील दोष किंवा विकासात विलंब यांपैकी काही असल्यास, कोलेस्टेरॉल नॉर्मल असले तरी, ७-डीहायड्रोकोलेस्टेरॉलसह स्टेरॉलची तपासणी करावी. चालू औषधे कळवावीत.’ आणि लिपिड प्रोफाइलच्या साच्यातून १८ वर्षांखालच्या रुग्णांसाठी ‘२०० पेक्षा कमी – योग्य’ ही ओळ काढून टाका. लॅबच्या सॉफ्टवेअरमध्ये वयाची अट घालणं हे अर्ध्या दिवसाचं काम आहे, त्यासाठी नवं यंत्र किंवा नवा रसायनसंच लागत नाही. लॅबच्या पुढच्या गुणवत्ता आढाव्याच्या बैठकीत हा विषय ठेवावा आणि जे ठरेल ते तुमच्याकडे नमुने पाठवणाऱ्या डॉक्टरांना लेखी कळवावं, ही विनंती.

कळावे,
आपली,
वैद्यकीय प्रयोगशाळेतली एक जीवरसायनतज्ज्ञ